हाताने वाचायची भिंत

मंडळी, हा लेख वाचण्याआधी घरात एक गंमत करून पाहा. चिमूटभर तांदळाचे पीठ, चिमूटभर रांगोळी आणि चिमूटभर बारीक मीठ अशा तीन पुड्या करा. मग घरातल्या एकेकाला डोळे मिटायला सांगून त्या बोटांनी ओळखायला लावा. तिन्ही पांढरी, तिन्ही बारीक. पण घरची गृहिणी तिन्ही क्षणात सांगेल. शाळेत जाणारा मुलगा एखादे वेळी अडेल. आणि माझ्यासारखा पुस्तके वाचून शेतकी शिकलेला माणूस हमखास चुकेल. मी चुकलो आहे, म्हणून सांगतो.

बोटांना जे कळले त्याला आपण पोत म्हणतो. कापडाचा पोत, पिठाचा पोत, मातीचा पोत. गावात कुणी ‘जमिनीचा पोत सुधारला’ म्हणाले की त्याला जमिनीचा कस म्हणायचा असतो. पण शास्त्रात पोत म्हणजे मातीत जाड कण किती आणि बारीक किती याचे प्रमाण. या पोताचीच एक भिंत पालघर आणि बोईसरच्या मधल्या एका पाड्यावरच्या शाळेत गेल्या हंगामात मुलांनी उभी केली. ती डोळ्यांनी पाहायची नाही, हाताने वाचायची. माती पुरवण्याच्या निमित्ताने मीही त्या कामात ओढला गेलो. त्या भिंतीने मला माझी एक जुनी चूक आठवून दिली. आधी ती चूक सांगतो.

एका शेततळ्याची गोष्ट

नोकरीला लागून मला दहा-बारा वर्षे झाली होती. तेव्हा पालघर जिल्हा वेगळा झालेला नव्हता; तो १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. आमचा सगळा कारभार ठाण्याचा. कालव्याचे पाणी पोचत नाही अशा एका उंचवट्यावरच्या शेतकऱ्याला मी शेततळे घ्यायला सांगितले. १५ मीटर लांब, १५ मीटर रुंद, ३ मीटर खोल. जागा पाहिली, उतार पाहिला, मातीचा रंग पाहिला. माती काळसर होती. मी म्हटले, झकास, पाणी थांबेल.

घरातली बाई डोक्यावर पाटी घेऊन तिथे उभी होती. ती म्हणाली, “साहेब, ही माती भितीला धरत नाय, ती पाणी काय धरणार?”

मी हसलो. भिंत लिंपण्याचा आणि तळ्याचा काय संबंध, असे मला वाटले. बाई पुढे काही बोलली नाही.

तळे आषाढात तुडुंब भरले. दिवाळीला त्यात घोटाभर पाणी उरले आणि त्यानंतर तळ दिसला. त्या पाण्याच्या भरवशावर मिरची आणि वांगी लावली होती; ती उभी वाळली. माती काळी दिसत होती ती वर्षानुवर्षे कुजलेल्या पाल्यामुळे. आत सगळी वाळू आणि दीड हाताखाली सच्छिद्र मुरूम. रंगाने मला फसवले. बाईने मात्र ती माती हातात मळली होती, भिंतीवर लावली होती, आणि ती गळून पडलेली पाहिली होती. तिची तपासणी माझ्या तपासणीपेक्षा पक्की होती.

त्या साली त्या घरातला थोरला मुलगा बोईसरला कारखान्यात लागला, तो शेतीवर परत आला नाही. कारखान्यात गेला हे वाईट झाले असे मी म्हणत नाही. पण जाण्याचे कारण माझ्या हातून घडले, हे मला ठाऊक आहे.

शाळेतली पहिली भिंत फसली

गेल्या साली दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या भागातल्या शाळेचे गुरुजी माझ्याकडे आले. सहावी-सातवीच्या मुलांकडून चित्रकलेचा एक उपक्रम करून घ्यायचा होता. विषय होता ‘स्पर्श’. शाळेच्या मागची वीस फूट लांबीची भिंत मिळाली होती. “तुम्ही आम्हाला चार-पाच तऱ्हेची माती आणून द्या,” एवढीच त्यांची मागणी.

मुलांनी उत्साहाने सुरुवात केली. भिंतीवर खडूने मोठा मोर काढला आणि त्याच्या अंगावर दिसेल ते चिकटवले. तांदूळ, शंख, पिसे, बांगड्यांचे तुकडे, सागाची पाने. लांबून मोर छान दिसत होता. मग गुरुजींनी एका मुलीच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि विचारले, “काय आहे हे?” ती म्हणाली, “कचरा.”

मुले हसली, पण गुरुजी विचारात पडले. चित्र डोळ्यांसाठी काढले आणि वर हात फिरवला, तर हाताला काहीच कळत नाही. हातासाठी चित्र करायचे तर हाताच्या तऱ्हेनेच करावे लागते. त्या दिवशी एक नियम ठरला : भिंतीवर काय ठेवायचे, काय काढायचे, हे डोळे बांधून ठरवायचे.

तो मोर तसाही टिकला नाही. मुलांनी गव्हाच्या पिठाची खळ वापरली होती. तिला मुंग्या लागल्या, झुरळे लागली. खालचा मातीचा लेप शेतातली माती जशीच्या तशी कालवून दिलेला. तो वाळला, तडकला आणि आठवड्यात पोपडे धरून खाली आला. त्यातच एका पठ्ठ्याने मखमलीसारखी दिसते म्हणून खाजकुइलीची शेंग आणली. अर्धा दिवस सगळा वर्ग अंग खाजवत बसला.

कोसबाडच्या टेकडीवर हे आधीच झाले होते

गुरुजी निराश झाले, तेव्हा मी त्यांना कोसबाडची आठवण दिली. आमच्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात ही टेकडी आहे.

इटलीतल्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोम शहरात गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बालगृह सुरू केले. मूल आधी हाताने शिकते आणि मग डोक्याने, हे त्यांच्या पद्धतीचे सार. त्यांनी काचपेपर कापून अक्षरे केली. मुलाने त्यांवरून बोट फिरवायचे, म्हणजे वळण बोटात बसते. खरखरीत आणि गुळगुळीत पट्ट्या, निरनिराळ्या कापडांचे तुकडे, डोळे बांधून ओळखायचे खेळ, ही सगळी त्यांची साधने.

ही पद्धत आपल्याकडे रुजवणाऱ्यांत ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचे नाव फार मोठे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. १९४५ साली त्या बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ (१९१०–१९९२) होत्या. लहान वयात वैधव्य आलेल्या या बाईने सगळे आयुष्य आदिवासी मुलांना दिले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली.

आपल्या कामाची गोष्ट अशी की मॉन्टेसरीची लाकडी साधने महाग होती. खेड्यातल्या बालवाडीला ती कुठली परवडणार? तेव्हा या दोघींनी अंगणात आणि रानात मिळेल ते साधन केले. शंख-शिंपले, चिंचोके, खडे, बिया, पाने, माती. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. मुले गुरे घेऊन कुरणात जातात तर शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आपल्या पाड्यावरची अंगणवाडी या दोन बायांच्या अंगणातल्या शिंपल्यांशी नाते सांगते.

गुरुजींना एवढे पुरले. विकतचे काही आणायचे नाही, परिसरात हाताला लागेल तेच घ्यायचे, असे ठरले.

आजी आल्या

माती तडकते त्याचे काय करायचे, हा प्रश्न मात्र उरला. सहावीतली एक मुलगी म्हणाली, “माझ्या आजीला विचारू. तिची भिंत तडकत नाय.”

दुसऱ्या दिवशी नातीच्या खांद्यावर हात ठेवून आजी आल्या. एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, दुसऱ्या डोळ्याने अंधुक दिसते. मी त्यांना ओळखले आणि माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले. डोक्यावर पाटी घेऊन त्या तळ्याच्या जागी उभी असलेली बाई हीच. त्यांनी मला ओळखले की नाही, ते तेव्हा कळले नाही.

आजींनी भिंतीला हात लावला नाही. आधी आम्ही आणलेल्या मातीच्या पाट्यांमध्ये हात घातला. पहिली चोळून टाकून दिली. दुसरी थोडी पाण्यात कालवली, अंगठ्याने दाबली, टाकून दिली. तिसरी तळ्याच्या काठची होती. तिचा गोळा करून त्यांनी बोटांवर पुढे सरकवला. पट्टी निघाली, लांब झाली, मोडली नाही. “ही घ्या,” म्हणाल्या.

मंडळी, मी चाट पडलो. शेतकी महाविद्यालयात मातीचा पोत पारखण्याची जी हाताची रीत शिकवतात, ती हीच. ती अशी :

मूठभर माती घ्या. खडे, मुळ्या काढा. थोडे थोडे पाणी घालून भाकरीच्या पिठासारखी मळा. गोळा झालाच नाही तर ती वाळू. गोळा झाला तर अंगठा आणि पहिले बोट यांच्यामध्ये दाबून पट्टी पुढे ढकला. पट्टी आपल्या वजनाने मोडेपर्यंत किती लांब होते ते पाहा. अडीच सेंटिमीटरच्या आत मोडली तर पोयट्याची जमीन. अडीच ते पाच सेंटिमीटर झाली तर चिकण पोयटा. पाचाच्या पुढे गेली तर चिकणमाती. आता उरलेली माती तळहातावर पाण्याने पातळ करून बोट फिरवा. रवाळ लागली तर वाळू जास्त, पिठासारखी मऊ लागली तर गाळ जास्त, बोटाला चिकटून ओढ घेतली तर चिकण जास्त. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण त्याची ओढ बोटाला कळते.

मग आजींनी मुलांना लिंपण शिकवले. पाच पाट्या माती, दोन पाट्या शेण, एक पाटी भाताचे तूस. पायांनी तुडवायचे, रात्रभर मुरत ठेवायचे, सकाळी पुन्हा तुडवायचे. चिकणमाती वाळताना आकसते म्हणून तडे जातात. तूस आणि शेणातले तंतू तिला धरून ठेवतात. पहिला थर जाड, त्याला तडे गेले तरी घाबरायचे नाही. दुसरा थर पातळ, शेण जास्त. तो तडे बुजवतो. दुसऱ्या थरावर त्यांनी तळहात फिरवला आणि एका ठिकाणी थांबल्या. “इथं कोणी घाई केली?” एक मुलगा मान खाली घालून पुढे आला.

चौक लिहायचा नाही

मुलांना भिंतीच्या मधोमध लग्नाचा चौक काढायचा होता. आजींनी नाही म्हटले. “चौक खेळायला नाय लिहायचा.”

वारली समाजात चौक काढत नाहीत, लिहितात. तो लग्नात सवाशिणींनी लिहायचा, धवलेरीने गाणे म्हणायचे, मध्ये पालघट देवी बसायची. कारवीच्या कुडाला शेणमातीचे लिंपण, त्यावर गेरू आणि त्यावर तांदळाच्या पिठाने बांबूच्या काडीने लिहिलेल्या पांढऱ्या रेघा. तो एक विधी आहे. शाळेच्या भिंतीची शोभा म्हणून तो करायचा नाही, हे मुलांनी आणि गुरुजींनी मानले.

गंजाड गावचे जिव्या सोमा मशे (निधन २०१८) यांनी ही चित्रकला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर नेली. लहानपणी आई गेल्यावर हा मुलगा बरीच वर्षे बोलत नव्हता, धुळीत बोटाने चित्रे काढून सांगत असे. १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि लक्षात घ्या, कापडावर काढतानाही ते आधी त्याला शेणाचा हात देत. रेघ उमटायला खाली भिंतीसारखा पोत लागतो, हे त्या हाताला माहीत होते. परदेशच्या संग्रहालयात आमच्या अंगणातले शेण पोचले ते असे.

आजींनी चौकाला नाही म्हटल्यावर मुलांनीच दुसरी युक्ती काढली.

हाताने चालायचा नकाशा

भिंत वीस फुटांची. तिचे पश्चिमेचे टोक म्हणजे तारापूरचा समुद्र आणि पूर्वेचे टोक म्हणजे डोंगर. मधे बोईसर, पालघर आणि आपली शेते. मुलाने पश्चिमेच्या टोकाला हात ठेवायचा आणि चालत चालत डोंगरापर्यंत जायचे. बोटांखालून सगळा मुलूख जायला हवा.

सुरुवातीला ओली वाळू वाटावी अशी किनाऱ्याची वाळू, मग शिंपले, जाळ्याचा तुकडा. पुढे खार जमिनीची माती; वाळली की वर मिठाची कुरकुरीत साय धरते. मग खाचराची चिकणमाती. तिच्यावर भाताचे पाच चौकोन : तूस, कोंडा, तांदूळ, कणी आणि पीठ. एकाच दाण्याचे पाच पोत. मग बोईसर. तिथे काय लावायचे यावर बराच वाद झाला. शेवटी डांबरी रस्त्याची खडी, सिमेंटचा घोटीव तुकडा आणि सहा तऱ्हेचे कापड लावले. पुढे चिकूच्या बागा : एक कच्च्या चिकूची साल, एक तयार चिकूची. मग वरकस जमिनीची तांबडी माती, मुरूम, नाचणीचे कणीस, सागाचे पान, पारिजातकाचे पान आणि शेवटी कारवीच्या काड्यांचा कूड.

चिकूचे सांगतो, कारण डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि नवे तोडणारे अजूनही घाई करतात. फळ तयार झाले की सालीवरचा भुसा हलक्या हाताने निघून येतो आणि साल गुळगुळीत लागते. नखाने बारीक ओरखडा काढला तर आत हिरवे नसून पिवळसर दिसते आणि चीक फारसा येत नाही. भिंतीवरच्या साली वाळून गेल्या तेव्हा मुलांनी त्या चारदा बदलल्या. त्यात त्यांना चिकूची परख आली.

कापडाचे तुकडे आजींच्या थोरल्या मुलाने आणून दिले. तोच, जो त्या साली बोईसरला गेला. आता तो कापडाच्या कारखान्यात जुना कामगार आहे. त्याने प्रत्येक तुकड्यावर बोट फिरवून मुलांना सांगितले, “हे सुती, हे मिसळीचे, इथे ताणा ढिला आहे.” आजींचा हात त्याच्याकडे आला होता. त्याने मातीऐवजी सुतावर चालवला, एवढेच.

काम करताना काय शिकलो

ज्या शाळांना किंवा घरांना असा उपक्रम करायचा असेल, त्यांच्यासाठी आमचे अनुभव देतो.

पहिले, बोट फिरले पाहिजे. मलमलीवर बोट नुसते ठेवा, न हलवता. आणि दुसरे खादीवर. फरक नीट कळत नाही. आता दोन्ही हलवा, लगेच कळेल. बारीक पोत बोटाला कंपनातून कळतो. डेव्हिड कॅट्झ या शास्त्रज्ञाने १९२५ साली स्पर्शावर ग्रंथ लिहून हे मांडले. म्हणून प्रत्येक चौकोन निदान वीतभर लांब ठेवा.

दुसरे, शेजारी शेजारी फार वेगळे पोत ठेवू नका. खडीवरून पिठावर हात गेला तर पीठ कळतच नाही. जाडाकडून बारीक अशी पायरी ठेवा, आणि दोन चौकोनांमध्ये चार बोटे मोकळी जागा. बोटालाही विसावा लागतो.

तिसरे, हात फसतो हेही मुलांना दाखवा. सावलीतली कोयत्याची पात आणि तिची लाकडी मूठ सारखीच गरम असते, पण पात गार लागते. कारण लोखंड हातातली ऊब भराभर ओढून घेते. ओलावा जाणणारे वेगळे इंद्रिय आपल्या कातडीत नाही. गारवा आणि निसरडेपणा यांवरून मन ओलाव्याचा अंदाज बांधते. म्हणून थंडीच्या सकाळी कोरडे भातही ओले वाटते आणि दुपारी उन्हात दमट भातही कोरडे. साठवण्यापूर्वी भात दाताखाली धरावे. कट्ट आवाज करून तुटले तर वाळले. शक्य असेल तिथे ओलावामापकावर तपासावे. ओलावा १४ टक्क्यांच्या आत हवा.

चौथे, काय लावायचे नाही ते आधी ठरवा. काच, गंजका पत्रा, खाजकुइली, काटे नकोत. कीटकनाशकाची रिकामी पिशवी, डबा किंवा कारखान्यातून आलेले रसायनाचे पिंप यांचा तुकडासुद्धा नको. एका मुलाने खरबरीत आहे म्हणून अशा पिशवीचा तुकडा आणला होता. तो मी काढायला लावला, हात साबणाने धुववले आणि त्याच्या वडिलांना जाऊन भेटलो. घरात त्याच पिशवीत कांदे ठेवलेले होते. भिंतीचे काम नसते तर मला ते कळले नसते.

पाचवे, पिठाची खळ वापरू नका, किडे येतात. पाने-कापड बाजारातल्या पांढऱ्या गोंदाने लावा. दाणे आणि शिंपले ओल्या लिंपणातच दाबून बसवा. पावसाळ्यात भिंतीला झावळ्यांची झड बांधा.

डोळ्यांवर रुमाल बांधून

होळीच्या आधी भिंत तयार झाली. सगळ्या गावाला बोलावले. नियम एकच : डोळ्यांवर रुमाल.

सरपंच खारीच्या मातीला मीठ म्हणाले. गुरुजी कोंडा आणि कणी यांत चुकले. शेतात राबणाऱ्या बाया मात्र न थांबता पुढे जात होत्या. सगळ्यांत जास्त ओळखले ते एका मुलाने. त्याला जन्मापासून कमी दिसते आणि वर्गात तो मागे बसून असे. त्याने बावीस चौकोनांपैकी बावीस सांगितले. यात चमत्कार काही नाही. ज्याचे डोळे मदत करत नाहीत, त्याने बोटांना कामाला लावलेले असते. लुई ब्रेल (१८०९–१८५२) याने सहा टिंबांची लिपी केली तीही याच जोरावर. मराठीसुद्धा त्या टिंबांत लिहिली-वाचली जाते. त्या मुलाच्या घरी लिपी शिकवणाऱ्या शाळेची चौकशी आता सुरू झाली आहे. पण त्याच्या वडिलांनी मला वेगळेच विचारले : “साहेब, बियाणे निवडायला बसवला तर जमेल का याला?” मी म्हटले, “जमेल, आणि तुमच्यापेक्षा चांगले जमेल. पण शाळा सोडवू नका.”

सगळ्यांत शेवटी आजी आल्या. त्यांना रुमाल नको होता, तरी मुलांनी हौसेने बांधला. समुद्रापासून निघाल्या. शिंपल्यांवर हात फिरवला, खाचराच्या मातीवर थांबल्या, तुसावर हसल्या. बोईसरच्या कापडावर त्यांचा हात जरा रेंगाळला. ते कोणी आणले हे त्यांना ठाऊक होते. डोंगराकडे जाताना मातीच्या एका चौकोनाशी त्या थबकल्या. थोडी माती नखाने खरवडली, बोटांत चोळली.

“ही आमच्या माळावरची,” म्हणाल्या. “साहेबाच्या तळ्याची.”

म्हणजे त्यांनी मला पहिल्याच दिवशी ओळखले होते. सगळे गाव हसले, मीही हसलो. मग मी सर्वांसमोर सांगितले की त्या दिवशी बाईंचे ऐकले असते तर त्यांची मिरची वाळली नसती. आजी काही बोलल्या नाहीत. ती चिमूटभर माती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि पुढे कारवीकडे गेल्या.

तुम्ही काय करावे

ही भिंत सगळीकडे उभी राहील असे नाही. पण दोन गोष्टी कोणत्याही घरी करता येतील.

मुलांसाठी एका पाटात बारा खण पाडा. घरातले बारा पोत त्यात ठेवा आणि रात्री जेवणानंतर डोळे मिटून ओळखण्याचा खेळ खेळा. दर महिन्याला चार खण बदला. अंगणवाडीतल्या ताईंनाही हे सांगा. घरातल्या म्हाताऱ्यांना आवर्जून खेळायला बसवा. आणि त्यांच्या डोळ्यांवर मोतीबिंदूची साय आली असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका.

आणि तळे, बांध किंवा विहीर घेण्याआधी माती रंगावरून पारखू नका. जिथे खणायचे तिथली वरची आणि तीन-चार फुटांखालची अशी दोन्ही माती काढा. पट्टी करून पाहा. मग काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती आणि वर पाणी घालून जोराने हलवून ठेवा. मिनिटभरात तळाशी बसते ती वाळू, काही तासांत बसतो तो गाळ, आणि दिवसभरानंतरही पाणी गढूळ ठेवते ती चिकण. पाणी लवकर नितळ झाले तर तळ्याला अस्तराशिवाय हात घालू नका. माती तपासणी केंद्रात नमुना पाठवा, आमच्या खात्याच्या माणसाला बोलवा.

आणि आम्ही येऊन ‘झकास आहे’ म्हटले, तरी घरात भिंत लिंपणारी जी बाई असेल तिला एकदा ती माती हातात देऊन विचारा.